मोजताना बोलायचं नाही

पहिल्यांदा तो गॅरेजमध्ये आला होता तो नुसता पत्ता विचारायला. गुरांच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेला डॉक्टर, खडखडणारी जुनी डिझेल गाडी, आणि रस्ता चुकलेला! एका गाडीखालून एक मुलगी सरपटत बाहेर आली, गालावर ग्रीसचा पट्टा. म्हणाली, "दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. पण इंजिनाचा आवाज ऐकवत नाही हो… तेल कधी बदललं होतं?"

दवाखाना त्याला लगेच सापडला. पण त्या दिवसापासून त्याची गाडी दर पंधरवड्याला आजारी पडायला लागली.

सगळी गल्ली तिला छोटी मिस्त्री म्हणायची. मोठे मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. त्यांचा हात हल्ली थरथरायचा, म्हणून सोमवारी गॅरेजच्या किल्ल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार होत्या. तिच्या, नाहीतर काकांच्या. काका म्हणायचे, पोरीचा हात चांगला आहे, पण लक्ष? बाबा खुर्चीत बसून नुसते बघायचे. तिने मात्र मनाशी पक्कं केलं होतं. किल्ल्या घेईन तर मीच, आणि सोमवारपर्यंत एक चूक होऊ द्यायची नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टर हजर.

"आता काय झालं?"

"तेल काळं झालंय."

"डिझेल गाडीचं तेल चार दिवसांत काळं होतंच, डॉक्टर! गेल्याच महिन्यात बदललंय मी."

"हो, पण… आज दुपारी डोंगरात निघायचंय. गुरांना लस टोचायला. पंधरा दिवस तरी लागतील."

पंधरा दिवस! "लावा आत," ती म्हणाली आणि पाना उचलला.

बाबांची एक पद्धत होती. तेलाच्या फिल्टरचं घर उघडलं की आतली एकेक वस्तू पांढऱ्या फडक्यावर मांडायची. टोपी, रबरी रिंग, स्प्रिंग, वॉशर आणि मधली बोटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी. पुसायची, निरखायची, मोठ्याने मोजायची. पाच म्हटल्याशिवाय नवा फिल्टर हातात घ्यायचा नाही. आणि मोजताना बोलायचं नाही, मग दारात कोणी का येईना.

"एक… दोन… तीन…"

"रविवारी गॅरेज बंद असतं का हो?"

तिने वर पाहिलं. तो बॉनेटवर कोपर टेकवून उभा होता, कानाच्या पाळ्या लाल.

"का?"

"नाही… सहज."

सहज म्हणे! तिला हसू आवरेना. हसता हसता तिने "चार" म्हटलं, नवी रिंग बसवली, नवा फिल्टर सरकवला, टोपी आवळली, तेल भरलं. मिनिटभर इंजिन चालवून पाहिलं. गळती कुठेच नव्हती. डॉक्टर हात हलवत गेला आणि ती कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

तासाभराने जुना फिल्टर टाकायला उचलला, तर आत काहीतरी अडकलेलं. तिने बोट घातलं. नळी!

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही नळी नसली तर तेल न गाळताच फिरतं, त्याचा दाबही पडतो. डोंगराच्या चढावर इंजिन जागच्या जागी जाम होणार! तिने फोन लावला. नुसता वाजत राहिला.

बाबा वर्तमानपत्रात होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. फिल्टर डब्यात टाकायचा आणि डॉक्टरला काहीतरी निमित्त सांगून परत बोलवायचं… क्षणभर, अगदी क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःचाच राग आला.

"बाबा, नळी जुन्या फिल्टरमध्ये राहिली. मी चुकले. चालले मी!" आणि स्कूटर सुटली.

दवाखान्याच्या दारात तो गाडीत बसून किल्ली फिरवणार, एवढ्यात ती खिडकीशी पोचली.

"थांबा! चालू करू नका!" तिने हात उघडून नळी दाखवली. "ही माझी चूक. आतापर्यंत गाडी दोनच गल्ल्या चाललीय, काही बिघडलं नसेल. पण आता एक पाऊलही चालवायची नाही."

"मग न्यायची कशी?"

"ढकलत. तुम्ही ढकला, मी स्टिअरिंग धरते."

गुरांचा डॉक्टर बाह्या सरसावून गाडी ढकलू लागला. बघ्यांना फुकटचा तमाशा.

"चूक तुमची," तो मागून धापा टाकत ओरडला, "आणि घाम माझा!"

"मोजताना बोललात कशाला मग?"

"बोललो नसतो तर पंधरा दिवस डोक्यात तेच घेऊन फिरलो असतो!"

आरशात त्याचा लालबुंद चेहरा दिसत होता, आणि तो तिला फार फार आवडत होता.

बाबा गॅरेजच्या दारातच उभे होते. "मोजताना बोललीस?"

"हो."

"कोणाशी?"

"माझ्याशी," डॉक्टर पुढे झाला. "चूक माझी—"

"नाही," ती म्हणाली. "काम माझ्या हातात होतं. किल्ल्या काकांना दिल्यात तरी माझी तक्रार नाही. पण ही गाडी मीच नीट करणार."

बाबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि थरथरत्या हाताने खिशातून जुडगा काढला. "चुका माझ्याही झाल्या गं. पण गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन कबूल करायला मला दहा वर्षं लागली. घे. सोमवारपर्यंत कोण थांबतंय?"

तिचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले, किल्ल्या कमरेला खोचल्या आणि पांढरं फडकं अंथरलं. डॉक्टर ओठ घट्ट मिटून स्टुलावर बसला.

"एक… दोन… तीन… चार…" नळी उचलून तिने ती उजेडात धरली. "पाच."

नळी जागेवर बसली, टोपी आवळली गेली. मगच तिने मागे वळून पाहिलं.

"आता बोला."

तो उठून उभा राहिला. "मला तुम्ही आवडता. तेल काळं नसतानाही यावंसं वाटतं. पंधरा दिवसांनी परत येईन, तेव्हा… गाडीत काही बिघाड नसला तरी आलो तर चालेल?"

"रविवारी या," ती म्हणाली. "गॅरेज बंद असतं. तेव्हा मी काही मोजत नाही."