पाठ भरून आलीय

मुरूम गावच्या डाळमिलमधला वजनकाट्याचा संगणक सकाळपासून हट्टाला पेटला होता. काट्याचा प्रोग्रॅम उघडायला गेलं की पडद्यावर एकच ओळ यायची, ‘पाठ भरून आलीय’, आणि सगळं बंद. बाहेर तुरीच्या गाड्यांची रांग लागलेली. दुरुस्तीला मला बोलावलं होतं.

काट्यावर महेश्वरी बसते. तिचा नवरा सिद्धाराम आधी तिथं काम करायचा. दिवाळीनंतर अपघातात गेला, आणि मालकांनी त्याची खुर्ची हिला दिली. आता तेच मालक दारात उभं राहून म्हणत होते, "संध्याकाळपर्यंत चाललं न्हाय तर दुसरं मानूस बघतो." तिचं तोंड एवढंसं झालं. मला मालकांचा भयंकर राग आला.

भुतांवर माझा विश्वास नाही. आगाऊ माणसांवर आहे. काट्याचा प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चालतो. ते उघडलं की संगणक आधी एक छोटी फाइल वाचतो आणि तीत लिहिलेलं निमूट करतो. ती ओळ तिथंच सापडली. पुसली. प्रोग्रॅम सुरू झाला. मी मालकांकडे तोऱ्यात पाहिलं.

पुढची गाडी काट्यावर चढली आणि पुन्हा बंद. फाइलीत आता दोन ओळी होत्या.

‘पाठ भरून आलीय. मांडी घालायचीय.’

नेटची वायर उपटली. फाइलीला कुलूप घातलं. शेवटी कुठलीच फाइल न वाचता टर्मिनल उघडायला लावलं.

ओळी आल्याच.

महेश्वरी चहा घेऊन आली आणि पडदा वाचून तशीच उभी राहिली.

"आमच्यात मानूस मांडी घालून, बसवून पुरत्यात, मॅडम. ह्यांना पोस्टमार्टम करून आनलं तवर अंग ताठलं होतं. वाकंना. आडवंच ठिवलं."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरच्यांनाच."

चहा तिथंच ठेवून ती निघाली. सासूबाई शांताक्का आणि दीर यांना घेऊन शेतातली नवऱ्याची समाधी उघडायला.

दुपार कलली तसा प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला. फाइल कोरी. गाड्या सरकू लागल्या. मला रडूच आलं. मी तिला फोन लावला.

"महेश्वरी, बसवलंत ना त्यांना? काटा चालू झाला. तुमची खुर्ची वाचली."

"आमी न्हाय बसवलं. उघडलं तर आधीच बसल्यात."

मी त्या खुर्चीवरून उठले.

"मांडी घालून. एका अंगाला सरकून."

"तुम्ही या परत."

"शेजारी जागा सोडलीय, मॅडम. माझ्यापुरती."

मागून शांताक्का ओरडल्या, "अगं, आत उतरू नको!"