उजवीकडची सीट

नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं, तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. जीपा, ट्रक, एखादी अँबेसिडर, एवढंच माझ्या हाताखालून जायचं. वैशाखातल्या एका सकाळी जळगाव जामोदच्या पंजाबराव पाटलांचा निरोप आला. मुंबईहून आणलेली गाडी कुरकुरते आहे, उद्या घरचं लग्न आहे, लगेच ये. मी हत्यारांची पेटी उचलली आणि एस.टी.त बसलो.

पाटलांचं कापसाचं जीन होतं, म्हणजे सरकी वेगळी काढायचा कारखाना. उन्हाळ्यात ते बंद असे. तिथल्याच एका रिकाम्या शेडमध्ये गाडी उभी होती. राखाडी रंगाची, दोन दारांची, जमिनीला टेकून निजलेल्या जनावरासारखी. विलायती, शर्यतीत पळवायची जात. आधीचा मालक कोणी गोरा माणूस होता, तो देश सोडून गेला, एवढंच दलालाने पाटलांना सांगितलं होतं. तिचं स्टेअरिंगचं चाक डावीकडे होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे येणारा-जाणारा उजव्या सीटकडे बघून रामराम घालायचा, आणि तिथे कोणीच नसायचं. पाटलांना याची फार गंमत वाटे.

तक्रार अशी होती की समोरच्या पट्टीवर एक तांबडा दिवा मधूनच लागतो आणि स्टेअरिंग जड होतं. दिव्यावर चाकाचं बारीक चित्र होतं. पाटील म्हणाले, धाकटा मुलगा शालिग्राम नवरदेव होऊन याच गाडीतून धामणगाव बढ्याला जाणार, गावभर सांगून झालंय, आणि गाडी तूच चालवायची. मुंबईहून ती घेऊन आलेल्या ड्रायव्हरबद्दल मी विचारलं. तो त्याच दिवशी परत गेला होता. जेवायलासुद्धा थांबला नव्हता.

मी कामाला लागलो. त्या गाडीत तेलाच्या जोरावर चाक फिरायचं, एका बोटाने वळेल इतकं हलकं. तेलाचा जोर उतरला की दिवा लागणार, हे उघड होतं. तेल पाहिलं, काठोकाठ होतं. पट्टा ताठ, पंप ठीक, नळ्या कोरड्या. इंजीन चालू करून चाक पार एका बाजूला नेलं आणि तसंच दाबून धरलं, तेव्हा दिवा लागला. सोडलं, विझला. म्हणजे दिवा खरं सांगत होता. कोणी चाक दाबून धरलं तरच तो लागत होता.

इंजीन चालूच ठेवून मी बाहेर आलो, पुन्हा पंपाला कान लावला. पंपाचा आवाज अचानक बदलला. ओझं अंगावर पडलं की बैल जसा कण्हतो, तसा. मी आत डोकावलो. गाडीत कोणी नव्हतं, आणि दिवा लागलेला होता.

मी खिडकीतून हात घालून चाक धरलं. ते घट्ट होतं. गंजल्यासारखं नाही, पलीकडून कोणी पेलून धरावं तसं. मग हळूच ढिलं झालं. आत एक वास होता, ओल्या घोंगडीचा. बाहेर शेडचे पत्रे उन्हाने तडतडत होते.

तेवढ्यात मागे बांगड्या वाजल्या. पाटलांची थोरली लेक सिंधूताई उभी होती. ती वडनेर भोलजीला दिलेली. मुंबईहून येताना तिला वाटेत याच गाडीत घेतलं होतं.

“काई सापडलं का, गुलाबभाऊ?”

मी म्हणालो, सगळं ठीक आहे, आणि तेच ठीक वाटत नाही. ती दारापासून दूरच उभी राहिली. उजव्या सीटवर बसून आली तेव्हा गुडघ्यापासून खाली पाय गार पडले होते, असं तिने सांगितलं. आणि पूर्णेच्या पुलावर गाडी कठड्याकडे गेली होती. ड्रायव्हर घामाघूम झाला होता. घरी सांगितलं तर आबा, म्हणजे पाटील, हसले. मग ती म्हणाली, चला, तो पूल पाहून येऊ, मी मागे बसते.

मी नको म्हणालो. ती ऐकणारी नव्हती. मागच्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसली. उजवी सीट रिकामी राहिली.

ऊन कलायला लागलं होतं. रस्त्याला माणूस नव्हतं, नुसती गरम झळ. बऱ्याच अंतरापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मला वाटलं, आपण उगीच मनाचे खेळ करतोय. नदीकडचा उतार लागला आणि तो ओल्या लोकरीचा वास आला. मागून सिंधूताईने नाकाला पदर लावल्याचं मला आरशात दिसलं. दिवा लागला.

पुलावर चाक उजवीकडे फिरू लागलं. मी दोन्ही हातांनी डावीकडे ओढलं. बिघडलेली गाडी एका बाजूला ओढते, पण ती सारखी ओढते. हे तसं नव्हतं. मधेच सुटायचं आणि पुन्हा धरलं जायचं, माणूस पकड बदलतो तसं. ब्रेक दाबला, तरी गाडी कठड्याच्या दगडांकडे घसरत गेली. खाली वाळू, आणि मधोमध हिरवा डोह. 

“गुलाबभाऊ... चाक सोडू नका...” सिंधूताई अगदी हळू म्हणाली. मग ती पुढे वाकली. माझ्याशी बोलत नव्हती. उजव्या सीटकडे तोंड करून, दारात आलेल्या एखाद्या थकल्या माणसाशी बोलावं तशी बोलली. “बाबा, तू कोन आहेस मले मालूम नाई. माहा भाऊ उद्या या गाडीत बसनार नाई. मी सांगतो तुले... सोड आता.”

चाक हलकं झालं. इतकं एकदम, की गाडी डावीकडे झोकांडली. दिवा विझला. मी गाडी वळवून परत आणली. शेडमध्ये उतरताना मी एवढंच विचारलं, तिथे काय दिसलं. ती म्हणाली, “म्या डोये मिटून घेतले होते.”

पाटलांना मी सांगितलं की पंप फुटलाय, मुंबईहून नवा आणावा लागेल. ते संतापले. शेडमध्ये जाऊन बघतो म्हणाले, पण तोवर मी सगळं तेल जमिनीवर सोडून दिलेलं होतं. काळा डाग पाहून ते तसेच मागे फिरले. शालिग्राम जीपमधून गेला. लग्न नीट लागलं, वऱ्हाड सुखरूप परतलं. गाडी मी विटांवर चढवली, बॅटरी काढली, शेडला कुलूप लावून किल्ली पाटलांच्या हातात दिली.

ओढणारा आम्हाला कठड्यावर घालायला बघत होता, की कधीकाळी कोणा दुसऱ्याच्या हातातून चाक हिसकावून जीव वाचवायची धडपड अजून करत होता? मी रात्र-रात्र याचा विचार केला आहे. दोन्ही वेळा हात सारखेच ओढतात.

पुढच्या वैशाखात पाटलांनी पुन्हा बोलावलं. अकोल्याचं एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला गाडी दाखवायची होती. पाटलांनीच कुलूप उघडलं. वर्षभर कोणी आत गेलं नव्हतं. सीटांवर, काचेवर, पट्टीवर कापसाची बारीक भुकटी आणि धूळ बोटभर साचली होती.

चाकावरही धूळ होती. फक्त उजव्या अंगाला, वर आणि खाली, दोन मुठींएवढी जागा काळीभोर चकचकीत होती. शेजारच्या सीटवरून हात लांबवून धरलं तर मुठी जिथे येतील, तिथे.

पाटील बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी त्या जागेवर बोट टेकवलं.

ती घामाने ओली होती.