होडीला न्सिमाचं बूच

आमच्या मलावी सरोवरातला एक मासा पिल्लांना तोंडात घेऊन सांभाळतो. चिर्वाबाईंनी डोंगरावरच्या शाळेत तीस वर्षं तो फळ्यावर काढून शिकवला, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. आता काचबिंदूनं नजर चालली होती. ती जायच्या आत तो मासा बघायचा, म्हणून जिथलं पाणी नितळ आहे त्या बेटावर त्यांना न्यायचं मी कबूल केलं. खरं सांगतो, मी थकलो होतो. पंचेचाळीस वर्षं वल्हं मारून खांदे कामातून गेले होते. ही शेवटची फेरी, एवढंच मनाशी म्हटलं आणि निघालो.

एक घोडचूक मात्र करून बसलो होतो. आमच्याकडे खोड कोरून केलेली होडी किनाऱ्यावर पाणी भरूनच ठेवतात. नाहीतर लाकूड तडकतं. बाईंना कोरडं बसता यावं म्हणून मी शहाण्यानं ती दोन दिवस उन्हात वाळवली!

अर्ध्या वाटेवर म्वेरा सुटला. दक्षिणेचा हा वारा आला की सरोवर खवळतं. लाट आदळली. होडी करकरली. तळाला वीतभर चीर!

"लोंग्वे, माझे पाय भिजले की हो!"

"पायांचं राहू द्या बाई, पाणी उपसा!"

सदरा फाडून चिरेत कोंबला. पाण्यानं तो बाहेर ढकलला. बाईंनी डबा उघडला. आत मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा, आमचं दिवसभराचं जेवण.

"हा कोंबा!"

"मग खायचं काय?"

"बुडाल्यावर भूक लागत नाही!"

चिंधी, त्यावर न्सिमा, त्यावर माझी टाच. पाणी कमी झालं. बेट समोर दिसत होतं, पण वाऱ्याच्या तोंडावर. बाईंनी बेटाकडे एकदा पाहिलं.

"वळवा," त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

दोन तासांनी परत आमच्याच किनाऱ्यावरच्या खडकांच्या आडोशाला लागलो आणि उथळ पाण्यातच बसकण मारली. होडीचं बूच सुटलं, न्सिमाचे कण पाण्यात पसरले. निळे, पिवळे मासे झुंबड करून आले. एक मातकट मादी तेवढी दगडाशी थांबली, गळा फुगलेला. कण नाकासमोरून गेला तरी तिनं तोंड उघडलं नाही.

बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"लोंग्वे, ती का खात नाही, माहीत आहे?"

मला लहानपणापासून माहीत होतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "सांगा ना."

आणि कमरेइतक्या पाण्यात बसून, उपाशीपोटी, चिर्वाबाई शिकवू लागल्या.