एकशे बारावं पान

दुपारी दोनच्या सुमारास ग्रंथपालांचा फोन आला, तेव्हा ती हातातला चहा तसाच ठेवून निघाली. काम साधंच होतं. एक पुस्तक परत आलं होतं, ते पाहायचं होतं. फक्त ते परत यायला एकवीस वर्षं लागली होती.

पुस्तक तिच्या आईने नेलेलं. ती दोन वर्षांची असताना आई गेली आणि मावशीने तिला वाढवलं. "अगदी आईवर गेलीस गं!" हे मावशीचं वाक्य लहानपणापासून तिच्या मागे लागलं होतं. बसणं आईचं, हसणं आईचं, रुसणंही आईचंच. मग आपलं असं काय? हा प्रश्न घेऊनच ती साहित्य शिकायला आली होती. पुस्तकं माणसाला स्वतःची ओळख करून देतात, असं प्राध्यापक भाषणात सांगतात आणि घरी जाऊन विसरतात. तिने ते शब्दशः खरं मानलं.

मनाला भिडलेल्या ओळीशेजारी आई समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायची. जुन्या नोंदींवरून तिने आईने नेलेली चाळीस पुस्तकं शोधली. प्रत्येकाची कोरी प्रत मिळवायची, आधी आपले ठिपके द्यायचे, मगच आईच्या प्रतीशी ताडून पाहायचे. एकदा दिलेला ठिपका खोडायचा नाही, म्हणून ती रबर बाळगतच नसे. दोघींची निवड जिथे वेगळी होते, अशी एक तरी ओळ तिला हवी होती. चाळीस पुस्तकांत ती सापडली नव्हती. हे एक्केचाळिसावं. त्याची दुसरीकडून मिळवलेली झेरॉक्स प्रत ठिपके देऊन तिच्या पिशवीत कधीची तयार होती.

"कुणी आणून दिलं?" तिने विचारलं.

"परतीच्या पेटीत होतं. सकाळी पेटी मीच रिकामी केली, तेव्हा ते नव्हतं." ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. टेबलाला त्यांनी दोरीने रबर बांधून ठेवलं होतं. पुस्तकात रेघोट्या दिसल्या की ते वाचकालाच पुसायला लावत. "तुझ्या आईच्या वेळी मी इथे नव्हतो. नाहीतर एक ठिपका शिल्लक राहिला नसता!"

वाचनकक्षात कुणीच नव्हतं. पंखे बंद होते. पुस्तकांच्या बांधणीतल्या जुन्या खळीचा आंबूस वास तेवढा भरून राहिलेला. तिने दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवल्या आणि पानं उलटू लागली. इथेही प्रत्येक ठिपका जुळत होता.

एकशे बाराव्या पानानंतर मात्र आईचे समास कोरे होते. शेवटपर्यंत. आईचं वाचन तिथेच थांबलं होतं.

ती धावतच जिन्यात गेली आणि फोन लावला. "मावशी, पुढचे एकोणीस माझे आहेत! फक्त माझे!"

"कसले गं एकोणीस?"

"ठिपके!"

"बरं बाई. जेवलीस का?"

ती हसतच परतली. दाराशी थबकली. आत काहीतरी वाजत होतं. टक्... थोड्या वेळाने पुन्हा टक्... कागदावर पेन्सिलीचं टोक टेकावं तसं.

आईच्या प्रतीत एकशे तेराव्या पानावर ठिपका होता. एकशे चौदाव्यावर दोन. बरोब्बर तिच्याच जागी. शेवटच्या पानापर्यंत एकोणीस.

भीतीपेक्षा तिला संतापच आला. तिने आपल्या प्रतीत शेवटच्या पानावरची एक ओळ शोधली, 'जिना नुकताच पुसलेला होता', आणि तिच्याशेजारी मुद्दाम ठिपका दिला.

"या ओळीत मी कुठेच नाही," ती पुटपुटली. "आता दे ठिपका... दे ना..."

बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग तिने आईच्या प्रतीत पाहिलं. त्या ओळीशेजारी एक चिमुकलं प्रश्नचिन्ह उमटलं होतं. मुलीची वही तपासताना काढावं तसं.

तिने आपली प्रत पिशवीत कोंबली आणि पुस्तक टेबलावर नेऊन ठेवलं. ग्रंथपालांनी पानं चाळली, बोट पाहिलं. "शिसं हाताला लागतंय. एकवीस वर्षांपूर्वीचं, होय?" त्यांनी रबराची दोरी ओढली. "पुसू?"

"नको..." आपणच हे बोललो याचं तिला नवल वाटलं. "राहू द्या ना."

खोलीवर येऊन तिने झेरॉक्स प्रत उघडली. शेवटच्या पानावरचा खोटा ठिपका नव्हता. तो खालच्या ओळीशेजारी गेला होता. घाईत वाचताना ही ओळ तिच्या नजरेतून निसटली होती: 'घरात कुणी यायचं नाही हे ठाऊक असूनही मी दार नुसतंच लोटून घेतलं.'

तिने मागे वळून पाहिलं. आत येताना तिने कडी लावली नव्हती. ती कधीच लावत नसे.

ओळ तिचीच होती. तिने पानावरून हात फिरवला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. पानाच्या घडीत रबराचा चुरा साचला होता.