तर्रीचं दूध कधी तोडायचं?

"हिचं दूध कधी तोडनार जी?"

कामिनी जागच्या जागी थिजली. कन्हानच्या बाजाररस्त्यावर, भर सकाळी, एक अनोळखी तरुण मोटरसायकल आडवी लावतो काय, खाली उतरतो काय, आणि ओळख ना पाळख, एकदम दुधाचीच चौकशी... तिच्या एका हातात घोडीचा दोर होता म्हणून बरं, नाहीतर पायातली चप्पल हातात यायला वेळ लागला नसता.

प्रश्न घोडीबद्दल आहे हे तिच्या जरा उशिरा ध्यानात आलं. तोवर ते महाशय बिजलीच्या पोटाखाली वाकून पाहतही होते. आणि बिजली, जी नवरदेवाच्या मामालासुद्धा अंगाला हात लावू देत नाही ती बिजली, शहाण्या पोरीसारखी उभी होती. तिचं शिंगरू मात्र तेवढं शहाणं नव्हतं. त्यानं पाहुण्याच्या शर्टाचं टोक तोंडात धरलं आणि चघळून चघळून पार ओलं केलं.

तुम्ही कोण, असं कामिनीनं दरडावून विचारलं, तेव्हा तो सरळ उभा राहिला आणि लाजला. जनावरांचा डॉक्टर होता. नाव दुर्गेश, मौद्याच्या दवाखान्यात नवीनच लागलेला, इथे मित्राकडे आलेला. घोडी आणि शिंगरू दिसलं की आपल्याला राहवत नाही, म्हणाला. तांबड्या रंगाच्या त्या शिंगराचं नाव काय, हे त्यानं विचारलं. कामिनीनं 'तर्री' म्हणून सांगितलं तर तो रस्त्यात उभ्यानं हसत सुटला. पोह्यावर ओततात त्या झणझणीत तांबड्या रश्श्याचाच, तर्रीचाच रंग होता तो, हसण्यासारखं काय होतं त्यात? पण त्याच्या हसण्यात काहीतरी होतं खरं. घरी पोचेपर्यंत कामिनीला स्वतःलाच दोनदा हसू आलं.

कामिनीचे वडील चंपतराव यांची बिजली म्हणजे कन्हानपासून कामठीपर्यंतच्या वरातींची मालकीण. पांढरीशुभ्र, बँडच्या तालावर मान डोलावणारी. तुळशीची लग्नं लागली की तिला दिवस पुरत नसत. बी.कॉम. झालेली कामिनी फोनवर बुकिंग घ्यायची, कारण चंपतरावांचा आवाज ऐकला की मुलाकडचे लोक घाबरून फोन ठेवत. तर्रीचा जन्म होळीच्या आसपासचा. बिजलीचं हे पहिलंच लेकरू, त्यामुळे त्याचं दूध कधी तोडायचं, म्हणजे त्याला आईपासून कधी वेगळं करायचं, याबद्दल घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

दुर्गेशनं ते रस्त्यातच समजावून सांगितलं. पाच-सहा महिने पिऊ द्यायचं. शिंगरू दाणा-गवत चांगलं खायला लागलं की तोडायचं. लवकर तोडलं तर लेकरू खुरटतं, उशीर केला तर आई खंगते. मधेमधे येऊन मी पाहत जाईन, म्हणाला. मौद्याहून नागपूरला घरी जाता-जाता...

आणि तो जाता-जाता येऊ लागला. नेहमी दुपारी. चंपतराव दुपारचे कामठीला बँडवाल्यांकडे बसलेले असत, आई सुभद्राबाई घरात डुलकी काढत असत. गोठ्याच्या पत्र्यावर पावसाची भुरभुर चाले, आणि तर्रीला धरायला कामिनीच लागे. तो शिंगराच्या छातीवरून हात फिरवी, ती मानेभोवती हात टाकून उभी राही. आता एवढंसं ते शिंगरू, त्याच्या अंगावर दोन माणसांचे चार हात... ते एकमेकांना लागणार नाहीत तर काय होणार? पहिल्यांदा लागले तेव्हा दोघांनीही चटका बसल्यागत मागे घेतले. नंतर नंतर मागे घ्यायला थोडा उशीर होऊ लागला.

"एवढे नवरदेव तुमच्या घोडीवर बसतेत," तो एकदा तर्रीचे दात बघता बघता म्हणाला. "त्याईच्यातला कोनी तुमाले पसंत नाई पडला?"

"घोडीवर बसले का थरथर कापते सगळे," कामिनी म्हणाली. "मले न भेनारा पाहिजे."

"मी घोडीले भेत नाई."

"अन् मानसाईले?"

"मानसाईले..." तो तर्रीच्या आयाळीत बोटं घालून थांबला. "काही-काही मानसाईले लय भेतो जी."

त्या दिवशी त्यानं तर्रीचे दात चार वेळा पाहिले. चारही वेळा ते तेवढेच होते.

श्रावण सरला, तान्हा पोळा झाला आणि तो म्हणाला, की आता वेळ झाली. तर्री बादलीभर दाणा फस्त करतेय, आईचं दूध ती नुसती लाडानं पिते. आता तोडा, बाबांना सांगा.  तोडलं की मग तुमचं येणं, असं कामिनीनं अर्धंच विचारलं. मग माझं काय काम, असं तो हसून म्हणाला, पण बोलताना त्यानं वर पाहिलं नाही. पिशवीचा बंद लावायला त्याला फारच वेळ लागला.

संध्याकाळी चंपतरावांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाला? आणि कामिनीच्या तोंडून निघून गेलं, "थांबा म्हने. दसऱ्यालोक पिऊ द्या."

आपण हे काय बोललो, या धक्क्यानं तिच्या हातातला घास हातातच राहिला. जन्मात तिनं वडिलांना फसवलं नव्हतं. पण एकदा खोटं बोललं की ते सांभाळावंही लागतं. पुढच्या खेपेला दुर्गेशनं विचारलं, अजून तोडलं नाही? तर ती पापणीही न हलवता म्हणाली, की बाबांचंच म्हणणं आहे, थोडं थांबू. वडील म्हणजे घोडीचे मालक. मालकापुढे डॉक्टर काय बोलणार? तो 'बरं' म्हणाला. कामिनीला वाटलं, जरा जास्तच पटकन म्हणाला. पण असं तर तिला काय काय वाटत असे.

दसरा गेला. दिवाळीच्या करंज्याही संपल्या. तर्री आईच्या खांद्याला लागली तरी ढुशा मारमारून पीतच होती. एका सकाळी खरारा करताना कामिनीचा हात बिजलीच्या कुशीवरून गेला आणि बोटांना बरगड्या लागल्या. एकेक. पन्हळी पत्र्यावरून हात फिरावा तशा. गेले कित्येक दिवस ती या गोठ्यात एकाच माणसाकडे पाहत होती. घोडीकडे पाहायचं राहूनच गेलं होतं.  मुकं जनावर... आपल्यासाठी ते झिजत होतं. आज दुर्गेश आला की सगळं सांगायचं आणि आजच तर्रीला तोडायचं, मग तो पुन्हा न येवो. असं तिनं डोळे पुसत ठरवलं.

पण त्या दुपारी चंपतराव कामठीला गेलेच नाहीत. बरगड्या त्यांनाही दिसल्या होत्या. ते गोठ्याच्या दारात खाट टाकून बसले होते, आणि कामिनीला पुढे होऊन अडवता येण्याआधीच बाहेर मोटरसायकल थांबली.

दुर्गेश आत आला, समोर चंपतरावांना पाहून थबकला. नमस्कार करू लागला तर चंपतरावांनी हातानंच थांबवलं आणि त्याला बिजलीजवळ नेऊन उभं केलं.

"पाहा. पहिला मुहूर्त तोंडावर आला. या हाडकाईवर नवरदेव बसवू का मी? तुमी शिकले-सवरले मानसं, काहून थांबा-थांबा करून राहिले इतके दिवस?"

दुर्गेशचा चेहरा कोरा झाला. मग त्यानं कामिनीकडे पाहिलं. नुसतं एकदा. तेवढ्यात त्याला सगळं कळलं हे तिला दिसलं, आणि आता तो काय सांगणार तेही दिसलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"चूक झाली जी," तो म्हणाला. "मीच थांबा म्हटलं होतं."

कामिनीनं डोळे उघडले. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. चंपतरावांचा आवाज चढत गेला. उद्या मौद्याला येतो, तुमच्या वरच्या साहेबांनाच विचारतो, की असा डॉक्टर लोकांच्या गोठ्यात सोडताच कसा? पंचक्रोशीत कुणी तुम्हाला शेळीसुद्धा दाखवणार नाही याची व्यवस्था करतो. तो नवा लागलेला पोरगा, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, मान खाली घालून सगळं ऐकत होता. एक शब्द उलटून नाही. कामिनी गप्प बसली की सुटत होती. पण त्याचं नाव जात होतं, त्याची नोकरी जात होती... कुणासाठी?

"बाबा, याईनं नाई सांगतलं तसं. हे कवाचेच तोडा म्हनून राहिले. खोटं मी बोलली. तुमाले बी, याईले बी."

आवाजानं सुभद्राबाई बाहेर आल्या होत्या. त्याच प्रथम भानावर आल्या. "काहून वं?"

आता लपवायला उरलंच काय होतं? कामिनीनं दावणीचा खुंट घट्ट धरला.

"तोडलं असतं त... मंग हे इथं कायले आले असते?"

 चंपतराव लेकीकडे पाहतच राहिले. ज्या पोरीनं आजवर लग्नाचा विषय काढला की ताट ढकलून उठायचं तेवढं केलं, ती भर दुपारी, परक्या माणसादेखत हे बोलत होती. ते सावकाश भुशाच्या पोत्यावर बसले. जरा वेळानं त्यांनी मोर्चा पुन्हा डॉक्टरकडे वळवला, पण आता आवाजात ती धार नव्हती.

"हे लबाड निंघाली. पन तुमी त आंधळे नोयते. बरगड्या तुमालेबी दिसल्या असन. बाहेर भिंतीवर हातभर अक्षरात माह्या फोनचा नंबर लिवला हाये. मले एक फोन काहून नाई लावला?"

दुर्गेशनं बिजलीच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"लावला असता जी," तो अखेर म्हणाला. "पन मंग तुमी तोडलं असतं."

कामिनीच्या हातून दावणीचा खुंट सुटला. म्हणजे हा पण... म्हणजे ते पटकन म्हटलेलं 'बरं'... सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. मौद्याहून नागपूरला सरळ हमरस्ता जातो, त्यात कन्हान कुठं लागतं, असा प्रश्न आपल्याला पहिल्या दिवसापासून पडला होता, असं त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

बिजलीला त्रास झाला, त्यात अर्धा दोष माझा, असं दुर्गेशनं कबूल केलं. दाणा किती वाढवायचा, औषध कुठलं, ते सांगितलं. महिनाभरात घोडी अंग धरेल, तोवर तिच्यावर कुणाला बसवू नका, म्हणाला. म्हणजे सुरुवातीचे मुहूर्त गेलेच. चंपतराव ऐकत होते, की नुसतेच बसले होते, कळत नव्हतं. मग ते उठले आणि बिजलीच्या मानेवर हात ठेवून, कुणाकडेच न पाहता बोलू लागले.

"उद्या तर्रीले पारशिवनीले नेतो, बहिनीच्या वावरात. एकमेकीचं खिंकाळनं कानावर नाई पडलं पाहिजे. चार-आठ दिवस रडतीन, मंग इसरतीन. अन् डॉक्टर, शिंगराच्या नावानं तुमचं येनं आता बंद."

कामिनीनं ओठ दाताखाली धरला. शेवटी व्हायचं तेच झालं होतं.

"यायचं असन," चंपतराव पुढे म्हणाले, "त मायबापाले घेऊन या."

"रविवारी आनतो जी." दुर्गेशनं क्षणाचाही विलंब लावला नाही. जणू इतके महिने तो हेच वाक्य पिशवीत घेऊन फिरत होता.

आता थिजायची पाळी चंपतरावांची होती. आपणच बोलून गेलो होतो, पण त्याचा अर्थ त्यांना आत्ता कळला. त्यांनी तर्रीकडे पाहिलं, मग कामिनीकडे. ती नजर कामिनीला सोसवेना.

"रविवारी?" ते म्हणाले. "इतक्या लवकर?"  फोनवर अख्ख्या वरातीला घाबरवणारा तो आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "एवढा सीजन त निघू द्या, डॉक्टर... थोडं थांबलं त नाई चालनार का?"

 दुर्गेशनं पिशवी खाली ठेवली. "चालते जी," तो म्हणाला. "तुमी म्हनान तवा."

कामिनी धावत जाऊन वडिलांच्या दंडाला बिलगली, लहानपणी बिलगायची तशी. त्यांच्या सदऱ्याला घोडीचा, गवताचा वास येत होता.

"बाबा, मले काही घाई नाई," ती म्हणाली.

हेही खोटंच होतं. फक्त या वेळी ते चंपतरावांनाही कळलं, आणि त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.