एल्डनचे हात

"खालून मारा. वरून मारून तो ऐकत नाही."

लाँड्रीतल्या कपडे वाळवायच्या ड्रायरवर बुक्क्या घालणारा तो उंच मुलगा माझ्याकडे वळला. मग त्यानं खालून एक लाथ घातली आणि ड्रायर घरघरत सुरू झाला.

"पाच आठवड्यांत माझा पहिला फटका!" तो हसला. "मी एल्डन रेन्फ्रो."

माझ्या हातातले धुतलेले मोजे खाली पडले. याच एल्डनला पारखायला बेसबॉल क्लबनं मला आयोवातल्या या गावात धाडलं होतं. एक्केचाळीस वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला होता, पण एकदाही धड फटका नाही... त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं, फक्त माझा अहवाल हवा होता.

लपवणं जमलं नाही. "मी मार्गो. तुझी परीक्षा घ्यायला आलेय."

"अरे देवा! आणि मी तुझ्यासमोर फाटके बनियन वाळवतोय—"

"त्याचे गुण वेगळे."

तीन दिवस मी जाळीमागे बसून पाहिलं. नजर अचूक होती त्याची. पण चेंडू लांब जावा म्हणून कोचनं त्याचे हात खांद्याच्याही वर नेले होते, आणि बॅट दरवेळी उशिरा पोचत होती. चौथ्या दिवशी कॉफी पिताना मी ते सांगून टाकलं.

"हात खाली आणले तर कोच हाकलेल मला."

"नाही आणलेस तरी हाकलेलच."

त्यानं कप खाली ठेवला. "एवढं तोंडावर बोलतेस... भीती नाही वाटत?"

"वाटते ना—" माझा आवाज उगीच अडखळला, "...पण कोचची नाही."

रविवारच्या सामन्यात त्यानं हात खाली आणले. कोच ओरडत राहिला. चार सणसणीत फटके... आणि चारही झेलले गेले! तरी परतताना पठ्ठ्यानं मला डोळा मारला.

मी क्लबातल्या माझ्या साहेबांना, हॅस्केलना, फोन केला. "मुलाला ठेवा."

"मार्गो, प्रेमात पडलीस की काय?"

"हो. म्हणूनच दुसऱ्या कुणाला पाठवा, त्यालाही बघू दे. पण मुलगा अस्सल आहे, हे मी सही करून देते."

कुणी आलंच नाही. मंगळवारी एल्डनला काढलं, आणि मलाही.

मैदानाच्या फाटकाशी तो बॅग घेऊन उभा होता. "कॅन्ससमध्ये एक छोटा संघ उद्या खेळाडू निवडतोय... येतेस?"

"पारखायला?"

"नाही—" त्यानं माझा हात धरला. "माझी म्हणून."

कोच फाटकातून बघत होता. बघू दे! मी टाचा उंचावल्या आणि एल्डनचं चुंबन घेतलं.