भाऊबीजेचा पाट

मोनाली त्या दिवशी तिथं जाणारच नव्हती. बिडकीनजवळच्या तिच्या कारखान्यात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवलं होतं आणि हिशेब विभागातून नाव लागलं होतं करुणा मॅडमचं. नेमकी त्याच सकाळी त्यांची दाढ ठणकली, म्हणून त्यांनी मोनालीला पाठवून दिलं. दोन माणसांची गाठ पडायची असली की तिसऱ्या कुणाची तरी दाढ दुखावी लागते, दुसरं काय!

शिकवायला इंद्रजीत होता. सुरक्षा विभागातला, मूळचा पाचोडचा. उंच, सावळा, अन् बोलता बोलता डोळ्यांत हसणारा. जमिनीवर एक रबरी पुतळा आडवा पडला होता. त्याच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरजोरात दाबायचं होतं. मोनालीची पाळी आली. तिनं ओढणी सावरली, गुडघे टेकले आणि हात ठेवला…

"लई हळू," इंद्रजीत म्हणाला. "देवाला गंध लावायलात का, मॅडम?"

सगळे हसले. मोनालीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"त्याला लागेल ना…"

"लागू द्या की. उठून भांडला तुमच्याशी, तर जिंकलो आपण."

मग तो स्वतःच पुतळ्याशेजारी आडवा झाला, डोळे मिटले आणि घशातून घोरल्यासारखा आवाज काढू लागला. माणसं इथंच फसतात, त्यानं पडल्या पडल्याच सांगितलं. घोरतोय म्हणजे जिवंत आहे, असं वाटतं. मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, आणि वेळ हातातून जातो. तो श्वास नव्हेच. हाक मारून हलला नाही, धड श्वास घेत नसला, तर अँब्युलन्सला फोन करायचा अन् छाती दाबत राहायची. एक बरगडी मोडली तरी चालेल, ती जुळते.

नाटक इतकं हुबेहूब की मोनाली क्षणभर खरंच घाबरली. त्यानं एक डोळा किलकिला करून नेमकं तिच्याकडंच पाहिलं.

त्यानंतर कंपनीच्या बसमध्ये तिच्या मागची जागा त्याची झाली. आधी नुसतं "रामराम", मग हवापाण्याच्या गोष्टी, मग बस शहरात, महानुभाव आश्रम चौकात आली तरी न संपणाऱ्या. मोनालीची नित्यनेमाची पोथी, सोमवार, शनिवार… सगळं त्याला पाठ झालं. रोज देवाकडं एवढं काय मागता, असं त्यानं एकदा विचारलं. सांगितलं की फळत नाही, असं म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली.

"मग माझ्याबद्दल असलं काही, तर सांगूच नका," तो मागून हळूच म्हणाला. त्या संध्याकाळी पैठण रोडवरची झाडं तिला जरा जास्तच हिरवी दिसली.

श्रावण लागला. शनिवारी सकाळी मोनाली सुपारी मारुतीच्या दर्शनाला गेली, तर बाहेर सांडूमामांच्या नारळाच्या गाड्यापाशी हा उभा. देवळात फारसा न जाणारा माणूस, अन् आज कपाळाला शेंदूर! पावसाची भुरभुर चालू होती. तिच्या पापणीवर थेंब थांबला होता आणि तो पुसावा की नाही, हेही तिला सुचेना, असं तो बघत होता.

"मोनाली…" पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं. "आईला घेऊन तुमच्या घरी यायचं म्हणतोय मी. येऊ?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो पायरीवर बसला, मग कलंडला… आणि घोरू लागला.

तिला हसू आलं. भर गुलमंडीच्या बाजारात हे कसलं नाटक! "उठा ना," ती पुटपुटली, "लोक बघतायत. सांगते मी, पण आधी उठा."

तो उठला नाही. डोळे अर्धवट उघडे होते अन् त्यांत हसू नव्हतं. ओठ निळे पडत चालले होते.

गर्दी जमली. कुणी फिट आली म्हणालं, कुणी चप्पल पुढं केली, कुणी कांदा आणायला धावलं. आणि जिचा आवाज घरातल्या घरातसुद्धा ऐकू येत नसे, ती मोनाली अशी कडाडली की चपला जागच्या जागी थांबल्या. सांडूमामांना तिनं १०८ ला फोन लावायला सांगितलं आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकले.

या वेळी गंध लावला नाही तिनं. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबलं. ताल चुकू नये म्हणून ओठांवर नाम आलं. राम, राम, राम… एका दाबाला एक राम. हाताखाली काहीतरी कटकन मोडलं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, हात मात्र थांबले नाहीत. ती थकली तेव्हा सांडूमामांनी हात लावला, ते थकले तेव्हा पुन्हा तिनं. अँब्युलन्स आली, यंत्राचा झटका दिला, दुसरा दिला… आणि डॉक्टरांनी मानेशी बोट ठेवून मान हलवली. ठोका लागला होता.

दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं मारुतीला नवस बोलला. बुद्धी जागेवर नसताना माणूस बोलतो, तसा. यांना वाचव. मी यांना माझ्यासाठी मागणार नाही.

तिसऱ्या दिवशी इंद्रजीतनं डोळे उघडले. आईला ओळखलं, मोनालीलाही ओळखलं. "गंधवाल्या मॅडम," तो क्षीण हसला. पण मागच्या काही आठवड्यांचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सुपारी मारुती नाही, भुरभुर नाही, तो प्रश्नही नाही. असं होतं, डॉक्टर म्हणाले. मेंदूला रक्त पोचलं नाही तेवढ्या वेळेचं हे मोल, आणि जीव वाचला त्या मानानं अगदी थोडं. मोनालीला वाटलं, देवानं आपला शब्द तंतोतंत घेतला. आता आपण होऊन काही बोलायचं, तर नवस मोडायचा. शिवाय जीव वाचवल्याचा हक्क सांगितल्यासारखं नाही का होणार?

हृदयाची लय बिघडलीच, तर आतल्या आत झटका देईल असं छोटं यंत्र डॉक्टरांनी त्याच्या छातीत बसवलं. तो घरी आला, बरगडी जुळली, चालू-फिरू लागला. मोनाली भेटायला जाई. तो बोलता बोलता थांबे, तिच्याकडं बघत राही… पण काही विचारत नसे.

आणि त्याची आई, सत्यभामाबाई! त्या माउलीला या पोरीसाठी काय करू अन् काय नको, असं झालं होतं. करून करून त्यांनी असं ठरवलं, की ज्या पोरीनं आपल्या लेकाचा जीव परत आणला, ती त्याची धर्माची बहीण. भाऊबीजेला पाचोडला यायचं, इंद्रजीतला ओवाळायचं. सगळ्या भावकीला आवतण गेलं. मोनालीला नाही म्हणवेना. मारुतीची हीच इच्छा असेल, असं तिनं मनाला बजावलं. मन ऐकेना, ते सोडा.

भाऊबीजेच्या सकाळी अंगणात रांगोळी होती, मधोमध पाट मांडला होता. नव्या सदऱ्यात इंद्रजीत पाटावर बसला. त्याची सख्खी बहीण प्रेरणा मागं उभी होती. मान पहिला मोनालीचा. सत्यभामाबाईंनी तबक तिच्या हातात दिलं. निरांजन लावलेलं होतं, तांदूळ होते, सुपारी होती. इंद्रजीतनं वर पाहिलं. त्या डोळ्यांत तिला भाऊ कुठं दिसेना.

मोनालीनं तबक वर उचललं, पण फिरवलं नाही. नवस एकीकडं… पण पेटत्या निरांजनासमोर खोटं ओवाळायचं? ते तर त्याहून मोठं पाप.

"आई," ती म्हणाली, "मला यांना ओवाळता यायचं नाही."

"का गं माय?" सत्यभामाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. यांनी… पडायच्या आधी यांनी मला एक विचारलं होतं. त्याचं उत्तर राहिलंय."

"काय विचारलं व्हतं मी?" इंद्रजीत पाटावरून अर्धा उठला.

मोनालीनं ज्योतीकडं बघत, प्रत्येक शब्द वेचून सांगितलं. आईला घेऊन घरी येऊ का, म्हणून. आणि एकदा बांध फुटला तसा नवसही सांगितला. म्हणून मी मागत नाही, ती म्हणाली, फक्त खरं तेवढं सांगते.

सत्यभामाबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग तोच हात मोनालीच्या गालावरून फिरवून कडाकडा बोटं मोडली. "येडी गं येडी. तू कशाला मागतीस? पोरीला मागणी घालायला पोराच्या घरचे जात असतात. ते काम माझं हाय. अन् मी बी कसली आंधळी, सुनंला लेक करून बसले व्हते!"

तबक अजून तिच्या हातातच होतं. प्रेरणानं ते अलगद काढून घेतलं. "द्या इकडं वहिनी. भाऊ माझा हाय." सगळी भावकी हसली, आणि मोनालीचे कान पुन्हा तापले.

संध्याकाळच्या आत तिला शहरात पोचायचं होतं. घरी तिचा स्वतःचा भाऊ ओवाळून घ्यायला थांबला होता. भावकीतल्या बन्सीकाकांनी जीप काढली. सत्यभामाबाई करंज्यांचा डबा घेऊन आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. उद्यावर कशाला टाकायचं, असं त्यांचं म्हणणं.

इंद्रजीत जीपपाशी आला. तिच्या अगदी जवळ उभा राहिला.

"मला खरंच काही आठवत नाय," तो हळू म्हणाला. "इतके दिवस वाटायचं, काहीतरी हातातून निसटलंय. पण छातीत यंत्र घेऊन फिरणाऱ्यानं कुणाकडं काय बघावं… म्हणून गप्प होतो. आता पुन्हा विचारतो. येऊ तुमच्या घरी?"

तिनं मान वर केली. थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"या."

इंद्रजीतनं एकदम छातीवर हात ठेवला. मोनालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. "काय झालं? काय होतंय?"

"काय नाय," तो हसत म्हणाला. "चालू हाय का, ते बघत व्हतो."

"असली थट्टा पुन्हा केलीत ना…" तिला हसू आलं होतं, रडूही आलं होतं, आणि दंड धरलेले हात काही केल्या सुटत नव्हते. आतून सत्यभामाबाईंनी हॉर्न दाबला.